मुका मार आणि मूत्रवाहिनी

इ. स. १८६८ सालीं लंडनच्या गाय्ज रुग्णालयाच्या अहवालग्रंथांत एक हकीकत प्रसिद्ध झाली. ३३ वर्षांची एक स्त्री आगगाडीचा डबा आणि फलाट यांच्यामध्यें चेंगरली गेली आणि अपघातानंतर सहाव्या दिवशीं मरण पावली. शवविच्छेदन झालें तेव्हां तिची उजवी मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडांतून मूत्राशयाकडे मूत्र वाहून नेणारी बारीक नळी, मूत्रपिंडाच्या मुखाखालींच तुटून अलग झालेली आढळली. ही हकीकत लिहिणारे शस्त्रवैद्य आल्फ्रेड पोलंड हे होत. बाहेरील आघातानें मूत्रवाहिनी तुटल्याची वैद्यकीय वाङ्मयांतील पहिली नोंद म्हणून सामान्यतः हिचाच उल्लेख केला जातो.

पोलंड यांचें नांव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना निराळ्याच कारणानें ठाऊक असतें. १८४१ सालीं, स्वतः विद्यार्थी असतांना, छातीचे स्नायु जन्मतःच नसलेल्या एका देहाचें वर्णन त्यांनीं केलें होतें. त्या विकृतीला पुढें त्यांचें नांव मिळालें. मूत्रवाहिनीची ही हकीकत लिहिल्यावर चारच वर्षांनीं, १८७२ सालीं, ते वारले. कीर्ति कोणत्या कामावरून मिळावी हें मनुष्याच्या हातीं नसतें, याचें हें एक उदाहरण होय. कारण सहा दिवस मृत्यूशीं झगडणाऱ्या त्या स्त्रीची हकीकत विद्यार्थिदशेंतील त्या टिपणापेक्षां कमी मोलाची खास नव्हती.

त्या काळाचें चित्र डोळ्यांपुढें आणल्यावांचून या हकीकतीचा अर्थ नीट कळत नाहीं. लंडन ब्रिजचें रेल्वे-स्थानक १८३६ सालीं उघडलें. गाय्ज रुग्णालय त्याच्या अगदीं शेजारीं आहे. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलांत धांवली. म्हणजे १८६८ सालीं आगगाडी ही तेथें एका पिढीच्या संवयीची आणि येथें नवलाईची वस्तु होती. परंतु दोन्हीकडे मनुष्याच्या देहाला तिनें एक नवाच अनुभव आणून दिला होता. शेंकडों मण वजनाचें लोखंड वेगानें येऊन मनुष्याला दाबून धरतें, कांहीं क्षणांत सोडून देतें, आणि अंगावर प्रसंगीं ओरखडाहि उठत नाहीं. तलवारीच्या, भाल्याच्या आणि बंदुकीच्या जखमांचा अभ्यास शस्त्रवैद्यांनीं शतकानुशतकें केला होता. या नव्या जखमेला तोंडच नव्हतें.

मराठींत अशा इजेला फार समर्पक शब्द आहे : मुका मार. कातडी फाटत नाहीं, रक्त वाहत नाहीं. जें काय व्हावयाचें तें आंत होतें, आणि तें बोलून दाखवीत नाहीं. पोटावर किंवा कमरेवर बसलेल्या मुक्या मारानें प्लीहा फुटते, यकृत चिरतें, मूत्रपिंडाला तडा जातो. या इंद्रियांना भरपूर रक्त असतें, त्यामुळें तीं दुखावलीं कीं कांहीं घटकांतच रोग्याचा चेहरा पांढराफटक पडतो, नाडी बारीक होते आणि वैद्याला धोक्याची सूचना मिळते. मूत्रवाहिनीचें तसें नाहीं. ती तुटली तरी रक्त थोडें जातें आणि दुखणेंहि आरंभीं बेताचें असतें. तिची इजा ही मुक्या मारांतील सर्वांत मुकी म्हटली पाहिजे.

ही नळी असते तरी कोठें? श्रोत्यांपैकीं कोणीं आपला हात कमरेच्या मागें, शेवटल्या बरगडीच्या खालीं ठेवला, तर साधारण तेथें आंत मूत्रपिंड असतें. त्याच्या मुखापासून निघून कण्याच्या बाजूनें, एका जाड स्नायूच्या अंगावरून ती खालीं उतरते आणि ओटीपोटांत मूत्राशयाच्या मागील बाजूस शिरते. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, जाडी अवघी ३ ते ४ मिलिमीटर. म्हणजे लिहिण्याच्या पेन्सिलीच्या निम्मी. मागें पाठीचा कणा आणि स्नायु, पुढें आंतडीं आणि पोटाची भिंत, भोंवतीं चरबी, अशा बंदोबस्तांत ती राहते. शिवाय ती सैल असते. धक्का बसला तर बाजूला सरकते. म्हणूनच मूत्रमार्गाच्या एकंदर इजांत मूत्रवाहिनीच्या इजा शंभरांत एखाद-दोनच आढळतात. जेथें ती सैल नाहीं, तेथेंच संकट येतें. मूत्रपिंडाच्या मुखाशीं ती जखडलेली असते, आणि पोलंड यांच्या रोग्याची नळी नेमकी तेथेंच तुटली होती.

मूत्रवाहिनी नांवाची नळी आहे आणि तिच्यांतूनच मूत्र वाहतें, ही गोष्ट आज शाळेंतील मुलालाहि ठाऊक असते. परंतु ती सिद्ध करण्यासाठीं मोठा वाद व्हावा लागला. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांत, मूत्र अडलेल्या मनुष्याच्या सूक्तांत, आंतडीं आणि बस्ति यांच्या जोडीला ‘गवीनी’ नांवाच्या दोन अवयवांचा उल्लेख येतो. त्या म्हणजे मूत्रवाहिन्याच असा अर्थ पुष्कळांनीं केला आहे. सुश्रुतसंहितेंत मात्र मूत्राशय कसा भरतो याचें स्पष्टीकरण निराळें आहे. पक्वाशयापासून निघणाऱ्या अत्यंत सूक्ष्म अशा हजारों नाड्यांच्या द्वारें मूत्र झिरपत बस्तींत येतें, असें तेथें सांगितलें असून नवा घडा गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवला असतां तो जसा सर्व बाजूंनीं पाझरून भरतो, तसा बस्ति भरतो, अशी सुंदर उपमा दिली आहे. उपमा सुंदर असली म्हणजे ती खरी असतेच असें नाहीं. मूतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचें इतकें बारीक वर्णन करणाऱ्या ग्रंथांत हें आढळावें, यावरून हा प्रश्न किती अवघड होता तेंच दिसून येतें.

रोमन जगांतहि हाच पेंच होता. आस्क्लेपियाडीज नांवाच्या वैद्याचें मत असें कीं प्यालेलें पाणी वाफेच्या रूपानें शरीरांत पसरतें आणि मूत्राशयांत जाऊन पुन्हां द्रवरूप होतें. मूत्रवाहिन्यांचें त्याला कांहीं प्रयोजनच नव्हतें. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत गेलन या वैद्यानें या मताची जी दाणादाण उडविली ती वैद्यकाच्या इतिहासांत संस्मरणीय आहे. त्यानें जिवंत प्राण्याचें पोट उघडून दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला आणि बांधाच्या वरच्या बाजूस नळ्या तट्ट फुगल्या. दोरे सोडले, तेव्हां मूत्राशय भरूं लागला. नंतर त्यानें नळ्या कापून प्राण्याला पट्टी बांधून ठेवलें. पुढें उघडून पाहतो तों मूत्राशय कोरडा आणि पोटाच्या पोकळींत मूत्र सांचून जणुं जलोदर झालेला! वादांत प्रतिपक्षाची टर उडविण्याची गेलनला भारी हौस होती, परंतु या ठिकाणीं त्याच्या शब्दांपेक्षां त्याचा प्रयोग अधिक बोलका आहे. मूत्रवाहिनी तुटली असतां शरीरांत काय होतें याचें तें पहिलें नेमकें वर्णन होय. १८६८ च्या त्या स्त्रीच्या देहांत जें घडलें तें गेलननें सतराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें होतें.

मग या सतराशें वर्षांत उपाय कां निघाला नाहीं? कारण उघड आहे. पोट उघडणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणें असाच तोंवरचा अनुभव होता. ईथरची भूल १८४६ सालीं आणि क्लोरोफॉर्मची १८४७ सालीं प्रचारांत आली. जखमा कुजूं नयेत म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरण्याची लिस्टर यांची पद्धति १८६७ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे पोलंड यांची हकीकत छापली गेली त्या वेळीं ती पद्धति अवघी एका वर्षाची होती. पोटांत काय तुटलें हें मृत्यूनंतरच पाहण्याची सोय, अशी ती स्थिति होती.

आणि तरीहि दुसऱ्याच वर्षीं, १८६९ सालीं, जर्मनींतील हायडेलबर्ग येथें एक विलक्षण घटना घडली. तिचें कारणहि तुटलेली मूत्रवाहिनीच होती, मात्र ती मुक्या मारानें नव्हे तर शस्त्रानें तुटली होती. ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर आधीं गर्भाशय व अंडाशय यांची शस्त्रक्रिया झाली होती. तींत डाव्या मूत्रवाहिनीला इजा होऊन मूत्र भलत्याच वाटेनें अखंड पाझरूं लागलें होतें. चोवीस तास ओलें राहणें, कातडी सोलवटणें, दुर्गंधीमुळें माणसांत बसण्याची लाज वाटणें, अशा यातनांतून तिला सोडवावें कसें, हा प्रश्न तेथील प्राध्यापक गुस्टाव्ह सिमोन यांच्यापुढें उभा राहिला. ती वाट बंद करण्याचे प्रयत्न फसले. राहिला एकच मार्ग : ज्या मूत्रपिंडांतून तें मूत्र येतें तेंच काढून टाकावयाचें.

परंतु एका मूत्रपिंडावर मनुष्य जगतो कीं नाहीं? जाणूनबुजून मूत्रपिंड काढण्याची यशस्वी शस्त्रक्रिया तोंवर कोणी केली नव्हती. सिमोन यांनीं आधीं कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढलेलीं कुत्रीं नुसतीं जगलींच नाहींत तर उरलेलें मूत्रपिंड वाढून दोघांचें काम करूं लागलेलें त्यांना दिसलें. मग त्यांनीं प्रेतांवर शस्त्रक्रियेचा सराव केला, पाठीकडून शिरण्याचा मार्ग निश्चित केला, आणि २ ऑगस्ट १८६९ रोजीं क्लोरोफॉर्म देऊन सुमारें ४० मिनिटांत तें मूत्रपिंड काढलें. रोगी वांचली. मूत्रपिंडाच्या शस्त्रवैद्यकाचा आरंभ या दिवसापासून धरतात. आज एक मूत्रपिंड दान करून आई मुलाला वांचविते, त्या दानाच्या मुळाशीं हायडेलबर्गच्या त्या स्त्रीचें धैर्य आहे. इतिहासकार सिमोन यांची थोरवी गातात तें यथार्थच आहे. परंतु ज्याचा अनुभव कोणालाहि नव्हता अशा शस्त्रक्रियेला स्वतःचा देह देणारी ती होती, हेंहि विसरतां कामा नये.

सिमोन यांच्या यशानें रोगी वांचविण्याचा मार्ग सांपडला, पण मोठी किंमत देऊन. नळी तुटली कीं मूत्रपिंड काढा, हा पुष्कळ दिवस एक राजमार्गच होऊन बसला. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील सर हेन्री मॉरिस हे त्या काळचे या विषयांतील अधिकारी पुरुष. त्यांनीं १९०४ सालीं ३० वर्षांच्या एका मनुष्याची हकीकत सांगितली आहे. तो आपल्या गाड्यावरून पडला आणि चाक त्याच्या उजव्या कुशीवरून गेलें. मूत्रवाहिनीला झालेल्या इजेवर तिचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मॉरिस यांना करावी लागली. आगगाडीचा फलाट आणि माल वाहणारा गाडा : पुढें मोटारी आल्या, यंत्रांचे कारखाने आले, उंच इमारतींचे पहाड आले, आणि वाहन बदललें तरी इजेची तऱ्हा तीच राहिली.

ती तऱ्हा समजून घेणें अवश्य आहे, कारण निदानाची किल्ली तींतच आहे. पहिला प्रकार धक्क्याचा. वेगानें जाणारें वाहन एकाएकीं थांबतें किंवा मनुष्य उंचावरून पडतो, तेव्हां जड मूत्रपिंड आपल्या वेगानें पुढें अथवा वर जातें आणि नळी मागें खेंचली जाते. जखडलेल्या जागीं तिचे तंतु तटतट तुटतात. दुसरा प्रकार कणा मागें वांकण्याचा. कण्याला कमान आली कीं धनुष्याच्या दोरीप्रमाणें नळी ताणली जाते. लहान मुलांचे मणके लवचीक असल्यामुळें त्यांचा कणा भलताच वांकूं शकतो. म्हणून मुक्या मारानें मूत्रवाहिनी तुटण्याचा प्रकार मुलांत अधिक पाहण्यांत येतो. प्रौढ मनुष्याचा कणा इतका वांकत नाहीं. त्याची नळी तुटली तर आघात फार मोठा असला पाहिजे, असें समजावयास हरकत नाहीं. तिसरा प्रकार चेंगरण्याचा : पुढून दाब येतो आणि नळी कमरेच्या मणक्यांच्या आडव्या कांट्यांवर दाबली जाते. म्हणूनच क्ष-किरणांच्या छायाचित्रांत कमरेच्या मणक्यांचे आडवे कांटे मोडलेले दिसले तर जाणता शस्त्रवैद्य लागलीच मूत्रवाहिनीची चौकशी करतो. ज्यांच्या मूत्रपिंडाच्या मुखाशीं जन्मतःच अडथळा असून तेथें फुगवटा आलेला असतो, त्यांना तर हलका मारहि पुरतो.

एवढें कळूनहि निदान अवघडच राहतें. मूत्रांतून रक्त गेलें तर शंका येते. परंतु नळी पुरती तुटली असेल तर त्या बाजूचें रक्त मूत्राशयापर्यंत पोंचेलच कसें? दुसरें मूत्रपिंड स्वच्छ मूत्र देत असतें आणि सर्वांची फसगत होते. मूत्रवाहिनी दुखावलेल्या रोग्यांपैकीं एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत लोकांच्या मूत्रांत रक्त आढळत नाहीं. त्यांतून असा रोगी एकच जखम घेऊन येत नाहीं. मांडी मोडलेली असते, प्लीहा फुटलेली असते, डोक्याला मार असतो. वैद्य मंडळी त्याचे प्राण वांचविण्याच्या धांदलींत असतात, आणि ती बारीक नळी आंतल्या आंत थेंब थेंब गळत राहते. चार-आठ दिवसांनीं ताप चढतो, कुशींत दुखूं लागतें, पोट फुगतें, हाताला गोळा लागतो. सांचलेलें मूत्र पुन्हां रक्तांत शोषलें जाऊन रक्तांतील यूरिया वाढतो. सांचलेल्या मूत्रांत पू झाला तर जिवावरच बेततें.

तेव्हां खरा प्रश्न पाहण्याचा होता, आणि त्याचें उत्तर मिळण्यास सुमारें साठ वर्षें लागलीं. माक्स निट्झे यांनीं १८७९ सालीं व्हिएन्ना येथें मूत्राशयांत घालून आंतील भाग पाहण्याची दिव्याची नळी दाखविली. बाल्टिमोरचे जेम्स ब्राऊन यांनीं १८९३ सालीं पुरुषाच्या मूत्रवाहिनींत सळई घातली, आणि मूळचे क्यूबाचे परंतु पॅरिसमध्यें काम करणारे होआकिन आल्बारान यांनीं १८९७ सालीं निट्झे यांच्या यंत्राला एक लहानसा उच्चालक बसवून ती किमया पुष्कळांच्या हाताला साध्य केली. दरम्यान १८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले. पण क्ष-किरणांना हाडें दिसतात, मूत्रवाहिनी दिसत नाहीं. १९०६ सालीं फेलकर आणि फॉन लिख्टेनबर्ग यांनीं, तेंहि हायडेलबर्गमध्येंच, खालून नळी घालून मूत्रपिंडापर्यंत चांदीचा द्राव भरला आणि प्रथमच तिचें छायाचित्र घेतलें. चित्र सुरेख आलें, परंतु चांदीनें कांहीं मूत्रपिंडांना कायमची इजा केली.

या प्रवासांतील सर्वांत मनोरंजक टप्पा मात्र शिरेंतून औषध टोंचून मूत्रमार्गाचें चित्र घेण्याचा होय. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें उपदंशाच्या रोग्यांना सोडियम आयोडाइड देत असत. त्यांचें मूत्र क्ष-किरणांच्या चित्रांत उमटतें असें दिसून आल्यावरून १९२३ सालीं तेथील वैद्यांनीं पहिला प्रयत्न केला. चित्रें अस्पष्ट येत. पुढें जर्मनींत बिंट्स आणि रेथ या रसायनशास्त्रज्ञांनीं आयोडीनयुक्त असे नवे पदार्थ तयार केले होते, ते जंतुदोषावर उपाय म्हणून. त्यांतला एक गाईंच्या सडांच्या आजारावर वापरीत. मोझेस स्विक नांवाचा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर शिष्यवृत्ति घेऊन हांबुर्गजवळील आल्टोना येथें आला होता. हे पदार्थ मूत्रावाटे बाहेर पडतात, तर त्यांतील आयोडीनमुळें मूत्रमार्ग दिसावयास हवा, हा धागा त्यानें पकडला. काम पुढें नेण्यासाठीं तो बर्लिनला, वर उल्लेखिलेल्या फॉन लिख्टेनबर्ग यांच्याकडे गेला, आणि अधिक निर्धोक अशा यूरोसिलेक्टन या पदार्थानें यश मिळालें. १९२९ च्या सप्टेंबरांत म्यूनिकच्या परिषदेंत हा शोध जाहीर झाला. श्रेयाचा मोठा वांटा नामांकित गुरूकडे गेला आणि तरुण मनुष्य मागें पडला. पुष्कळ वर्षांनीं, १९६५ सालीं, न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीनें स्विक यांना पदक देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. उशिरां का होईना, न्याय झाला म्हणावयाचें! गाईच्या सडासाठीं निघालेल्या औषधांतून तुटलेली मूत्रवाहिनी दाखविणारें साधन जन्माला आलें, हें पाहतां शोधांच्या वाटा किती वांकड्यातिकड्या असतात याचें नवल वाटतें.

आतां पाहण्याची सोय झाली. शिरेंत औषध टोंचावें, तें मूत्रपिंडांत उतरावें, आणि चित्रांत नळीची पांढरी रेघ जेथें तुटून मेघासारखा डाग पसरेल तेथें जखम आहे असें समजावें. या जुन्या युक्तीचेंच आजचें रूप म्हणजे सी. टी. स्कॅन. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याचें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत घेतलें गेलें, आणि कांहीं वर्षांतच तें यंत्र डोक्यापासून पोटापर्यंत उतरलें. पण यंत्र कितीहि थोर असलें तरी मूत्राला उतरावयास वेळ लागतो, हा गेलनच्या काळचा नियम तें मोडूं शकत नाहीं. औषध टोंचल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच घेतलेल्या चित्रांत प्लीहेची व यकृताची चीर दिसते. मूत्रवाहिनीची गळती दिसत नाहीं. तिच्यासाठीं सुमारें दहा मिनिटें थांबून पुन्हां चित्रें घ्यावीं लागतात. घाईच्या वेळीं हीं दहा मिनिटें वगळलीं जातात, आणि आजहि ही इजा निसटते ती पुष्कळदां याच कारणानें.

पाहण्याची विद्या वाढत होती तसतशी सांधण्याचीहि वाढत गेली, आणि मूत्रपिंड काढून टाकण्याच्या राजमार्गाला आडवाटा फुटूं लागल्या. शिकागोचे वेलर व्हॅन हुक यांनीं १८९३ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून तुटलेलें वरचें टोंक खालच्या टोंकाच्या कुशींत बसवून शिवण्याची रीत दाखविली. त्याच दशकांत जॉन्स हॉपकिन्सच्या हॉवर्ड केली यांनीं स्त्रियांच्या शस्त्रक्रियेंत मूत्रवाहिनी जोडण्याचें काम केलें. इटलींतील बोआरी यांनीं १८९४ सालीं मूत्राशयाच्याच भिंतीची पट्टी वर वळवून, तिची नळी करून, तुटलेल्या भागाची भरपाई करण्याचा प्रयोग केला, तोहि कुत्र्यांवर. मनुष्यांत त्याचा सर्रास उपयोग होण्यास पुष्कळ दशकें जावीं लागलीं. नळीचा मधला मोठा भागच नाहींसा झाला असेल तर एका बाजूची मूत्रवाहिनी कणा ओलांडून दुसऱ्या बाजूच्या मूत्रवाहिनीला जोडावी, ही युक्ति हिगिन्स यांनीं १९३४ च्या सुमारास मनुष्यावर अमलांत आणली. आंतड्याचा तुकडा नळीच्या जागीं बसविण्याचेहि प्रयोग झाले.

सांधण्यांतील अडचण शिवणकामाची नाहीं, रक्तपुरवठ्याची आहे. या नळीला एखादी मोठी धमनी नाहीं. वरच्या भागाला मधल्या बाजूनें, खालच्या भागाला बाहेरच्या बाजूनें, अशा ठिकठिकाणच्या बारीक धमन्या तिला पोसतात आणि तिच्या अंगावरील पातळ आवरणांतून त्यांचें जाळें पसरतें. शस्त्रवैद्यानें ती हौसेनें सोलून मोकळी केली कीं हें जाळें तुटतें आणि टोंक काळवंडून मरतें. शिवण ताणली गेली तरी तोच परिणाम. म्हणून मेलेला भाग कापून टाकणें, दोन्ही टोंकें तिरकीं चिरून तोंड रुंद करणें, ताण न देतां बारीक विरघळणाऱ्या धाग्यानें शिवणें आणि आंत एक आधाराची नळी ठेवणें, एवढी चतुःसूत्री आज सर्वत्र पाळतात. ती आधाराची नळी पूर्वीं खालीं घसरून पडे. १९७८ सालीं रॉय फिनी यांनीं तिच्या दोन्ही टोंकांना आंकडे देऊन एक मूत्रपिंडांत आणि एक मूत्राशयांत अडकेल अशी योजना केली. ‘डबल जे’ हें तिचें नांव आज आपल्याकडील शहरांत मूतखड्याच्या असंख्य रोग्यांच्या तोंडीं असतें.

मिसिसिपी विद्यापीठाचे जेम्स हार्डी यांनीं १९६३ सालीं केलेल्या एका शस्त्रक्रियेचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर एका रोग्याची मूत्रवाहिनी फार वरच्या बाजूस निकामी झाली होती. खालचें टोंक वर पोंचत नाहीं, तर मूत्रपिंडच खालीं कां आणूं नये? हार्डी यांनीं तें काढून त्याच रोग्याच्या देहांत मूत्राशयाच्या जवळ आणून बसविलें. मनुष्याच्या फुप्फुसाचें पहिलें आरोपण त्यांनींच त्याच वर्षीं केलें. त्या गाजावाजांत ही कामगिरी झांकली गेली. परंतु सिमोन यांनीं नळीसाठीं मूत्रपिंडाचा त्याग केला होता, तर हार्डी यांनीं नळी गेली तरी मूत्रपिंड राखलें. ९४ वर्षांतील प्रगतीचें माप एवढ्यावरून काढतां येतें.

आज इजेचे पांच दर्जे ठरलेले आहेत. अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या या वर्गवारींत नुसतें रक्त साकळणें हा पहिला दर्जा. निम्म्याहून कमी चीर हा दुसरा आणि निम्म्याहून अधिक हा तिसरा. नळी पुरती तुटून दोन सेंटिमीटरांच्या आंत भाग मृत झाला तर चौथा, आणि त्याहून अधिक गेला तर पांचवा. हलक्या दर्जांत मूत्राशयांतून दुर्बिणीनें आधाराची नळी सरकवून ठेवली कीं बहुधा जखम आपोआप भरते. पूर्ण तुटलेली नळी पहिल्या कांहीं दिवसांत ध्यानांत आली आणि रोग्याची प्रकृति सोसण्याजोगी असली तर ती त्याच वेळीं सांधतात. ध्यानांत येण्यास उशीर झाला, भोंवतालचा भाग सुजून चिकट झाला, तर शिवण टिकत नाहीं. अशा वेळीं पाठींतून सुई घालून मूत्रपिंडांत नळी बसवितात आणि मूत्र बाहेरच्या पिशवींत काढून घेतात. ही पद्धत विलार्ड गुडविन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५५ सालीं दाखवून दिली. पोटांत सांचलेलें मूत्रहि तसेंच सुईनें उपसतात. मग महिने-दोन महिने, प्रसंगीं तीन महिने थांबून, सूज ओसरल्यावर शांतपणें सांधण्याचें काम हातीं घेतात. आंत ठेवलेला दुहेरी आंकडा साधारण सहा आठवड्यांनीं, बहुधा अंग बधिर करणाऱ्या जुजबी औषधावरच, दुर्बिणीनें ओढून काढतात. त्यानंतर पुन्हां एकदां औषध टोंचून चित्र घेतात, आणि पांढरी रेघ मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत अखंड उतरलेली दिसली म्हणजे सांधा नीट साधला असें समजतात.